बॅकअप घेतला म्हणजे जतन झालं, असं नाही

मौखिक इतिहासाचा कुठलाही प्रकल्प घ्या आणि विचारा, मुलाखतींचं पुढं काय केलंत? उत्तर ठरलेलं असतं: "काळजी नको सर, बॅकअप घेतलाय." मग अहवालात एक भारदस्त वाक्य येतं, 'सर्व मुलाखतींचे डिजिटल जतन करण्यात आले आहे.' बघायला गेलं तर मार्गदर्शकांच्या टेबलाच्या खणात एक हार्ड डिस्क असते, आणि दुसरी प्रत संशोधक विद्यार्थ्याच्या खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर. हे वाक्य वाचून वाचून मी आता दमलोय. डिस्क हा बॅकअप आहे, ड्राइव्ह हाही बॅकअपच. दोन्ही असावेतच. पण त्यांना जतन म्हणू नका.

कोल्हापुरात हा घोळ जास्त महागात पडतो. १ मार्च १९४९ ला संस्थान विलीन झालं. तेव्हा ज्यांना कळतं वय होतं, ती माणसं आज नव्वदीच्या आसपास किंवा पुढं आहेत. शाहू मिलच्या भोंग्यावर ज्यांचा दिवस बेतलेला असायचा ते कामगार, जयप्रभा स्टुडिओत दिवे उचलणारे, तालमीतले जुने वस्ताद, यांतल्या कुणाची मुलाखत हरवली तर 'पुन्हा घेऊ' म्हणायची सोय राहिलेली नाही.

बॅकअप सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे त्यावर फार वेळ घालवत नाही. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. ही दुसरी जागा खरोखरच दुसरी हवी. व्हीनस कॉर्नरला तळमजल्यावर एक डिस्क आणि शाहूपुरीत तळमजल्यावर दुसरी, याला पुराला आलेली पंचगंगा दोन जागा मानत नाही. बॅकअप म्हणजे गाडीची स्टेपनी: पंक्चर झालं की लावायची आणि पुढं निघायचं. ती गाडी कुणाची, कुठं निघालीय, याच्याशी स्टेपनीला देणंघेणं नसतं.

सगळे अडखळतात ते इथंच. बॅकअप ज्यानं घेतला त्याच्यासाठी असतो, आणि त्यात काय आहे ते त्याला आधीच ठाऊक असतं. जतन करायचं ते मुलाखतीला हजर नसलेल्या, तुम्हाला कधीही न भेटणाऱ्या आणि तीस वर्षांनी ती फाइल उघडणाऱ्या माणसासाठी.

उदाहरण घेऊ. समजा, सुतारवाड्यातल्या एका आजींची तासाभराची मुलाखत आहे. पंचगंगा पात्राबाहेर आली की पहिलं पाणी ज्या वस्त्यांत शिरतं, त्यांतली ही एक. चौदाव्या मिनिटाला आजी म्हणतात, "त्या सालाला पानी हितवर आल्तं बगा. मग आण्णांनी आमास्नी साळंत न्हेलं." मुलाखत घेणारी मुलगी समोर बसली आहे. तिला सगळं कळलंय. आजींनी हात कुठं लावला ते तिनं पाहिलंय, आण्णा कोण ते चहा घेताना ऐकलंय, शाळा तर ती येताना ओलांडूनच आली आहे. आवाज स्वच्छ आला, फाइलच्या तीन प्रती झाल्या, बॅकअपच्या हिशेबानं काम फत्ते.

आता तीस वर्षांनंतरचा माणूस हीच फाइल ऐकतो. कुठल्या सालाला? २००५ ला पूर आला, २०१९ ला आला, २०२१ लाही आला. हितवर म्हणजे कुठवर? आजींचा हात रेकॉर्डरला दिसत नाही. आण्णा कोण? कोल्हापुरात गल्लीगणिक एक आण्णा असतो. एकही बाइट हरवलेला नाही, आवाज खणखणीत आहे, पण साक्ष निकामी झाली आहे. आणि त्याला उत्तर देऊ शकणारी मुलगी पीएच.डी. करून कधीच दुसऱ्या गावी नोकरीला लागली आहे, मार्गदर्शक निवृत्त झाले आहेत, आजी तर नाहीतच.

हे टाळायला फाइलसोबत एक नोंद लागते. ती साधारण अशी: '१४:२०. "हितवर" म्हणताना उजवा हात दाराच्या चौकटीला, कडीच्या वर वीतभर. साल २०१९ (नातवाच्या बारशाचा उल्लेख, २२:०५ पाहा). आण्णा म्हणजे शेजारचे घरमालक. आजींच्या इच्छेवरून आडनाव नोंदवलेले नाही.' लिहायला दोन मिनिटं लागतात. पण एवढ्यानं ती ओळ पुरावा बनते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटांत मोजतात. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला नदी ५५ फुटांच्या पुढं गेली होती. चौकटीची खूण आणि बंधाऱ्याचा आकडा शेजारी ठेवला की त्या गल्लीत पाणी कसं चढलं हे नंतरचा अभ्यासक मांडू शकतो. नोंद नसेल तर त्याच्या हाती फक्त एक गोड आवाज लागतो.

नोंद करायची ती त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. 'सगळ्या मुलाखती होऊ देत, मग एकदम बसून लिहू' असं म्हणणाऱ्यांच्या नोंदी मी वाचल्या आहेत. त्यात 'वक्त्याने पुराच्या आठवणी सांगितल्या' याच्या पलीकडं काही नसतं.

इथं एक उपघोळही होतो. नोंद म्हटलं की लोक एक्सेलचा तक्ता उघडतात. डब्लिन कोअरचे, म्हणजे ग्रंथालयं आणि अभिलेखागारं वापरतात त्या ठरावीक वर्णन-तक्त्याचे पंधरा रकाने, भाषा 'मराठी', स्थळ 'कोल्हापूर', विषय 'इतिहास'. झालं. रकाने भरले, सांगितलं मात्र काहीच नाही. मुलाखत शोधायला तो तक्ता हवाच, पण समजून घ्यायला मिनिटवार नोंदच लागते. दोन्हींपैकी एकालाच वेळ असेल तर मी डोळे झाकून मिनिटवार नोंद निवडेन. तक्ता नंतर ग्रंथालयातला कुणीही भरू शकतो, आजींचा हात कुठं होता ते नंतर कुणी सांगू शकत नाही.

आणि मुलाखत शब्दशः लिहून काढताना बोली 'सुधारणाऱ्यां'ना हात जोडून विनंती. 'पाणी येथपर्यंत आले होते' असं आजी बोलल्या नाहीत. शुद्ध मराठीत हवं असेल तर खाली वेगळा सारांश लिहा, वर त्यांचे शब्द राहू द्यात.

दुसरा फरक लहान आहे, पण घात करतो. फाइल बरी आहे की बिघडली आहे, हे बॅकअपला कळत नाही. कॉपी करताना केबल हलली, डिस्कचा एखादा भाग खराब झाला, तरी फाइलचं नाव तेच दिसतं, कधी कधी आकारही तोच. नव्या डिस्कवर सगळं उतरवताना ही बिघडलेली फाइल तितक्याच इमानदारीनं उतरते. ड्राइव्हचं तर आणखीच. संगणकाशी जुळवलेला फोल्डर असेल तर इकडं कुणी फाइल उडवली की तिकडूनही उडते, आणि गूगलच्या ट्रॅशमधून ३० दिवसांनी कायमची जाते. खासगी खातं दोन वर्षं वापरलंच नाही तर ते खातंच काढून टाकायचा हक्क गूगलनं राखून ठेवला आहे. पदवी मिळाल्यावर प्रकल्पासाठी उघडलेलं खातं कोण वापरतंय?

जतनात यावर एक साधा उपाय असतो, चेकसम. फाइलवर गणित चालवून एक ठसा काढायचा. एसएचए-२५६ पद्धतीनं तो ६४ अक्षरांचा येतो. तासाभराच्या मुलाखतीतला एक बाइट जरी बदलला तरी ठसा पार वेगळा निघतो. फाइल अभिलेखागारात आली त्या दिवशीचा ठसा वहीत टिपून ठेवायचा आणि वर्षातून एकदा सगळ्या प्रतींवर तोच हिशोब चालवायचा. जी प्रत जुळत नाही ती टाकायची आणि जुळणाऱ्या प्रतीवरून नवी करायची. विंडोजच्या पॉवरशेलमध्ये (आज्ञा टाइप करून काम करवून घ्यायची खिडकी) याची सोय आयतीच आहे, पैसा लागत नाही. दरवर्षी आठवणीनं बसणारा माणूस मात्र लागतो, आणि प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात डिस्कला रक्कम असते, या माणसाला नसते. मोडी कागदपत्रांच्या रुमालाला, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्याला, दहा वर्षं कुणी हात लावला नाही तरी तो बहुधा जसाच्या तसा सापडतो. त्या सवयीनं आपण डिस्कही कपाटात ठेवून कुलूप लावतो, इथंच चुकतं.

संमतीच्या बाबतीत तर बॅकअप आणि जतन चक्क एकमेकांच्या विरुद्ध जातात. आजींनी सांगितलं, भावकीच्या भांडणाचा तेवढा भाग मी असेपर्यंत कुणाला ऐकवू नका. अभिलेखागारानं ऐकवायच्या प्रतीतून तो भाग काढला, मूळ फाइल बंद ठेवली, अट नोंदवली. पुढं सर्व्हर बसला. कुणीतरी तत्परतेनं जुना बॅकअप चढवला आणि ती पाच मिनिटं पुन्हा सगळ्यांसाठी खुली झाली. बॅकअपनं त्याचं काम चोख केलं. म्हणून संमतीपत्राची प्रत आणि अटींची नोंद मुलाखतीच्या फोल्डरमध्येच हवी, विभागाच्या बॉक्स फाइलमध्ये वेगळी नको. आणि बॅकअप चढवल्यावर अटी पुन्हा तपासल्याशिवाय काही खुलं करायचं नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संशोधन आणि अभिलेखांसाठी काही सवलत आहे, हे खरं. पण आजींना शब्द कायद्यानं दिला नव्हता, तुम्ही दिला होता.

फॉरमॅटवर लोक तासन् तास वाद घालतात, माझ्या मते त्यात वाद घालण्यासारखं काही नाही. मूळ प्रत वेव्ह (आवाज न दाबता साठवणारी फाइल), ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. स्टिरिओत तासाला साधारण एक जीबी होते. आजच्या डिस्कच्या भावात ही काही चैन नव्हे. ऐकवायला एमपीथ्री वेगळी काढा. एमपीथ्रीवरून वेव्ह 'बनवणाऱ्यां'ना मात्र सांगावंसं वाटतं की गेलेला आवाज त्यानं परत येत नाही, फक्त फाइल फुगते. व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून आलेली मुलाखत शक्यतो मूळ प्रत धरू नका, ज्या फोनवर रेकॉर्ड झाली त्यातूनच फाइल काढा. मूळ प्रतीवर आवाज 'साफ' करायचा फिल्टर लावू नका. मागं ऐकू येणारी केएमटीची बस आणि कुकरची शिट्टीही त्या घराचीच आहे. यूट्यूबवर टाकणं म्हणजे प्रसिद्धी. तिथून उतरवलेली फाइल ही तुम्ही चढवलेली फाइल नसते. आणि 'फायनल', 'फायनल-२', 'खरी फायनल' ही नावं कृपा करून बंद करा: तारीख, प्रकल्पाचं लघुनाम, अनुक्रमांक, बस्स.

राहता राहिल्या कॅसेट. शिवाजी विद्यापीठाची स्थापना १९६२ ची, आणि कॅसेट बाजारात आली १९६३ ला. त्यामुळे जुन्या प्राध्यापकांच्या घरी क्षेत्रकार्याच्या कॅसेटचे खोके निघतातच. त्यांचा तर बॅकअपही नसतो. युनेस्को आणि ध्वनी-अभिलेखागारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं २०१९ मध्येच बजावलं होतं की २०२५ च्या आसपास टेप वाजवणारी यंत्रंच दुर्मीळ होतील. तेव्हा आधी कॅसेट वाजवणारा चांगला डेक शोधा. त्याचं हेड, म्हणजे टेप जिथं घासून वाचली जाते तो भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. चुकून वरून रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटच्या वरच्या कडेच्या दोन्ही टिकल्या मोडा. बुरशी दिसत असेल तर ती कॅसेट वाजवूच नका, जाणकाराकडं द्या. खोक्यावर पेन्सिलीनं लिहिलेलं काहीही पुसू नका, त्याचा आधी फोटो काढा. आणि डिजिटल प्रत झाली म्हणून कॅसेट रद्दीत घालू नका.