देवगिरी जिथे थांबते, ते बोरीबंदर

देवगिरी एक्सप्रेस सकाळी मुंबईच्या सीएसएमटीला (छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला) लागते तेव्हा जालना-परभणीकडचा माणूस घाईत असतो. मंत्रालयात फाइल अडकलेली असते, नाहीतर आझाद मैदानात उपोषणाला बसायचं असतं. मान वर करून इमारत बघायला सवड कुणाला? आमच्याकडची जुनी माणसं तिला अजूनही बोरीबंदरच म्हणतात. तिचा वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स.

स्टीव्हन्सचा जन्म १८४७ चा, इंग्लंडमधल्या बाथचा. तिथे चार्ल्स डेव्हिसकडे उमेदवारी करून १८६७ मध्ये तो सरकारी बांधकाम खात्याच्या नोकरीवर इकडे आला. आधी पुण्याला, मग मुंबईला. फोर्टचा तट नुकताच पाडला होता आणि मोकळ्या झालेल्या जागेवर एकामागून एक इमारती उठत होत्या. रॉयल आल्फ्रेड सेलर्स होम हे त्याचं पहिलं मोठं काम. आज तिथे राज्य पोलिसांचं मुख्यालय आहे. पुढे जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेने त्याला सरकारकडून मागून घेतलं. युरोपातली स्टेशनं पाहून तो परतला आणि १८७८ मध्ये बोरीबंदरचं काम सुरू झालं. दहा वर्षं चाललं, खर्च १६ लाखांवर गेला. १८८७ हे व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीचं सुवर्णमहोत्सवी वर्ष, म्हणून स्टेशनला राणीचं नाव लागलं.

मराठवाड्याच्या माणसाने थांबावं ते मात्र नक्षीपाशी. दगडातले मोर, माकडं, पानंफुलं घडवण्यात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. आणि याच शाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून १८८५ पर्यंत विद्यार्थी घेऊन अजिंठ्याला येत, लेण्यांतल्या भित्तिचित्रांच्या प्रती करून घेत. अजिंठा तेव्हा निजामाच्या मुलखात. म्हणजे एकाच शाळेची पोरं इकडे वाघूरच्या वळणावर पद्मपाणी रंगवत होती आणि तिकडे स्टेशनच्या खिडक्यांवर पाखरं बसवत होती. लंडनला गेलेल्या त्या प्रतींपैकी बऱ्याच १८८५ च्या आगीत जळाल्या. बोरीबंदरचे मोर शाबूत आहेत. बांधकामावर सीताराम खंडेराव नावाचे देशी सहायक अभियंताही होते. 'गॉथिक, गॉथिक' (टोकदार कमानींची युरोपी शैली) म्हणत सगळं श्रेय बाथच्या माणसाला देऊन टाकणं मला तरी पटत नाही. घुमटाची कमाल मात्र त्याचीच: दगडी फासळ्यांचा अष्टकोनी घुमट, आणि खाली वळत जाणारा जिना.

समोरची महापालिकेची इमारतही स्टीव्हन्सचीच. १८९३ मध्ये ती मंजूर रकमेच्या आत बांधून झाली. आपल्याकडच्या एखाद्या बंधाऱ्याचं असं झालेलं अजून कानावर यायचं आहे. चर्चगेटचं रेल्वे मुख्यालय हे त्याचं शेवटचं मोठं काम.

१९०० मध्ये मलेरियाने तो मुंबईतच गेला. त्याच सुमारास निजामाची मनमाड-हैदराबाद मीटरगेज लाइन औरंगाबाद, जालना, परभणीवरून धावू लागली. आपल्या माणसांना बोरीबंदरचा रस्ता खुला झाला खरा, पण मनमाडला उतरून, बोचकी डोक्यावर घेऊन, मोठ्या लाइनची गाडी पकडायची. ही उतरचढ थेट नव्वदच्या दशकात रूळ रुंद होईपर्यंत चालली. माझ्या आजोबांना मुंबई विचारली की ते घुमटाबद्दल चकार शब्द काढत नसत. मनमाडचा पूल आणि तिथे हरवलेली वळकटी, एवढंच सांगत.