अल्झायमर रोगातील आरंभीचे रेणवीय बदल

विस्मरणाची लक्षणे दिसण्याच्या सुमारे १५ ते २० वर्षे आधीपासून मेंदूतील प्रथिनांत, चेतासंधींत (चेतापेशींमधील जोडांत) व चेतापेशींना साहाय्य करणाऱ्या आधारपेशींत होत जाणारे बदल. यांत अमिलॉइड-बीटा व टाउ ही दोन प्रथिने प्रमुख होत.

अमिलॉइड-बीटा हा चेतापेशींच्या पटलातील एपीपी या मोठ्या प्रथिनाचा तुकडा. अल्फा-सिक्रिटेज हे एंझाइम या तुकड्याच्या मधोमध छेद घेते. त्या मार्गाने तो अखंड तयारच होत नाही. आधी बीटा-सिक्रिटेज व मग गॅमा-सिक्रिटेज यांचा छेद पडला, तर तो सुटा होतो. गॅमा-सिक्रिटेजचा छेद दर वेळी एकाच जागी पडत नाही. त्यामुळे बहुतेक तुकडे ४० ॲमिनो अम्लांचे, तर थोडे ४२ अम्लांचे निघतात. अखेरची दोन जादा अम्ले, आयसोल्यूसीन व ॲलॅनीन, जलविरोधी असल्याने ४२चे रेणू एकमेकांना चटकन चिकटतात. चेतासंधींना त्यांचे लहान विद्राव्य पुंजके चकत्यांपेक्षा (पेशींबाहेर घट्ट साचलेल्या अमिलॉइडच्या थरांपेक्षा) अधिक घातक असावेत. उतारवयातील नेहमीच्या प्रकारात निर्मिती वाढण्यापेक्षा निचरा मंदावणे महत्त्वाचे दिसते; एपोई या जनुकाचे एपोई-४ हे रूप तो आणखी मंद करते.

टाउ हे चेतापेशींतील सूक्ष्मनलिकांना स्थैर्य देते. त्यावर फॉस्फेट गट प्रमाणाबाहेर चढले की ते नलिकांपासून सुटते व पुढे त्याचे गुंते होतात.

आरंभ यांपैकी कोठून होतो, हे वादग्रस्त आहे. जॉन हार्डी व जेरल्ड हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या गृहीतकानुसार अमिलॉइडचा संचय हे मूळ कारण व टाउचे गुंते हा परिणाम. एपीपीचे जनुक २१व्या गुणसूत्रावर असते. डाउन संलक्षणात त्याची तिसरी प्रत असल्याने चाळिशीपर्यंत चकत्या बहुधा आढळतातच. उलट, २०१२ मध्ये आइसलँडमधून नोंदले गेलेले, बीटा-सिक्रिटेजचा छेद कमी करणारे उत्परिवर्तन रोगापासून रक्षण करते. हा पुरावा भक्कम आहे. तथापि मेंदूच्या रचनेचे अभ्यासक हाइको ब्राक व सहकाऱ्यांना शवविच्छेदनात तिशीच्या आतील, चकत्या नसलेल्या मेंदूंतही मस्तिष्कस्तंभातील लोकस सेरुलियसमध्ये फॉस्फेटयुक्त टाउ आढळले. चकत्यांवाचून मात्र टाउ बहुधा लोकस सेरुलियस व कानशिलाकडील खंडाच्या आतल्या भागापुरतेच राहते. म्हणून टाउची सुरुवात स्वतंत्र असली, तरी बाह्यकभर (मेंदूच्या बाहेरील थरभर) त्याचा फैलाव अमिलॉइडमुळे होतो, हे मत अधिक ग्राह्य वाटते. स्मृतिऱ्हासाचे जवळचे नाते चकत्यांच्या संख्येशी नसून टाउच्या फैलावाशी व चेतासंधींच्या घटीशी आहे.

मस्तिष्क-मेरुद्रवातील (मेंदू व मेरुरज्जूभोवतीच्या द्रवातील) अमिलॉइड-बीटा ४२ ची पातळी लवकर घटते, कारण ते चकत्यांत अडकून राहते. नमुना काचेच्या वा पॉलिस्टायरीनच्या नळीत घेतल्यास ते नळीच्या भिंतीला चिकटते व पातळी खोटी कमी येते. यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्या वापरतात आणि ४२ व ४० यांचे गुणोत्तर काढतात. व्यक्तिव्यक्तींतील निर्मितीचा फरकही त्यात बराचसा निघून जातो. २१७व्या स्थानी फॉस्फेट असलेले टाउ रक्तात वाढल्याचे पीईटी (किरणोत्सारी द्रव्य वापरून केलेल्या) चित्रणात गुंते दिसण्यापूर्वीच कळू शकते. मूत्रपिंडाचे कार्य मंदावले असल्यासही ते वाढलेले दिसते.

आधारपेशींपैकी मायक्रोग्लिया (मेंदूतील संरक्षक पेशी) चकत्यांभोवती गोळा होऊन त्यांना आवळून धरतात. त्यांच्या पृष्ठभागावरील ट्रेम-२ या ग्राहीच्या (संकेत टिपणाऱ्या प्रथिनाच्या) आर४७एच या जनुकीय रूपात ही क्रिया दुबळी पडते व रोगाचा धोका वाढतो.