उद्याचं साल कोणतं? भविष्य-विभागांच्या आराखड्यांमागची पार्श्वभूमी

काल्पनिक थीम पार्कचा नकाशा मांडायला बसलं की किल्ल्याचा किंवा जंगलाचा विभाग फारसा छळत नाही. छळतो तो भविष्याचा. किल्ला जितका जुना दिसेल तितका शोभतो. भविष्य मात्र रंग वाळायच्या आत शिळं व्हायला लागतं. आशावादी भविष्याचा विभाग आखताना आज जे प्रश्न पडतात, ते जवळजवळ सगळे आधी कुणी ना कुणी सोडवून, चुकवून किंवा टाळून झाले आहेत.

१९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात चंद्राची सफर होती आणि ती पुढे न्यूयॉर्कच्या कोनी आयलंड या करमणुकीच्या ठिकाणी गेली. पण या विभागाचा खरा पूर्वज म्हणजे न्यूयॉर्कचं १९३९ चं जागतिक प्रदर्शन. तिथे एका मोटार कंपनीने प्रेक्षकांना सरकत्या खुर्च्यांत बसवून १९६० सालची अमेरिका उंचावरून दाखवली. बाहेर पडताना प्रत्येकाला बिल्ला मिळायचा, ‘मी भविष्य पाहिलं आहे’ असा. ते भविष्य गाड्या विकणाऱ्यांचं होतं, त्यामुळे त्यात महामार्गच महामार्ग होते. तरी त्यावर साल लिहिलेलं होतं, आणि पुढचा सगळा गुंता या सालाभोवतीच आहे.

१७ जुलै १९५५ रोजी कॅलिफोर्नियातलं डिस्नीलँड उघडलं, तेव्हा टुमॉरोलँड या त्यातल्या भविष्य-विभागासाठी १९८६ हे वर्ष धरलं होतं, कारण हॅलेचा धूमकेतू त्या वर्षी परतणार होता. पैसा आणि वेळ दोन्ही संपत आल्याने विभाग अर्धवटच उघडला. रिकाम्या जागा प्रायोजकांच्या दालनांनी भरल्या, एक रसायनांचं, एक अ‍ॅल्युमिनियमचं. तरी ७६ फुटी रॉकेट समोर उभं होतं आणि आतली सफर चंद्राकडे निघत होती. १९५७ मध्ये प्लास्टिकचं घर आलं, १९५९ मध्ये मोनोरेल. माणूस खरोखर चंद्रावर उतरून आल्यावर त्या सफरीतली नवलाई गेली आणि १९७५ मध्ये त्याच इमारतीतून मंगळाकडे उड्डाणं सुरू झाली. अंदाज खरा ठरला म्हणून गाशा गुंडाळावा लागणं, हे दुखणं फक्त याच विभागाचं.

१९६७ ची पुनर्बांधणी देखणी होती. पांढऱ्या इमारती, त्यांच्यामधून उंचावरून संथ फिरणारी पीपलमूव्हर नावाची छोट्या डब्यांची गाडी, सगळं हलतं. मात्र माझ्या मते या परंपरेचं शिखर पुढे फ्लोरिडात आलं. तिथे आधी २० हजार वस्तीचं खरंखुरं शहर वसवायचं होतं. १९६६ च्या डिसेंबरात संस्थापक वॉल्ट डिस्नी गेले, शहराचा बेत मागे पडला आणि १९८२ मध्ये एप्कॉट हे उद्यान उघडलं. वर्षभराने त्यात ‘होरायझन्स’ आलं. ही सफर सुरुवातीला जुन्या पिढ्यांनी रंगवलेली भविष्यं दाखवायची, ‘पूर्वी लोकांना उद्या असा वाटला होता’ म्हणून. मग वाळवंटातली शेती, समुद्राखालची वस्ती, अंतराळातलं घर, आणि या सगळ्यांत विखुरलेलं, तरी एकमेकांशी बोलणारं एकच कुटुंब. वाळवंटात संत्र्यांचा वास यायचा. शेवटी प्रत्येक डब्यातल्या प्रवाशांनी बटण दाबून ठरवायचं की परत कोणत्या वाटेने जायचं. भविष्य निवडता येतं हे सांगायला याहून साधी युक्ती मला सापडलेली नाही. जानेवारी १९९९ मध्ये ही सफर बंद झाली आणि पुढे इमारतही पाडली.

आता वादाचा निर्णय. नव्वदीच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या टुमॉरोलँडसाठी २०५५ हे साल धरून नवा आराखडा तयार होत होता. डिस्नीच्या पॅरिसमधल्या उद्यानाचा तोटा वाढला, खर्चाला कात्री लागली आणि तो आराखडा बारगळला. डिस्नीच्याच फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडम उद्यानाच्या टुमॉरोलँडमध्ये १९९४ ला दुसरा मार्ग निवडला गेला: ‘कधीच न आलेलं भविष्य’. निऑन, धातूची ताडाची झाडं, जुन्या चित्रकथांमधून उतरल्यासारखं शहर. यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. जे कधी येणारच नव्हतं ते शिळं होत नाही, दर दहा वर्षांनी पाडापाडी नको. पण त्याची किंमत मोठी होती. साल गेलं, आणि सालाबरोबर वचनही गेलं. पाहुण्याला ‘तुझ्या हयातीत हे होईल’ असं सांगणारं तिथे कुणी उरलं नाही.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियातही तपकिरी-सोनेरी रंग चढले. पीपलमूव्हरच्या जुन्या मार्गावर वेगवान गाड्या सोडल्या, पण वळणांना तिरका उतार द्यायला पैसे नव्हते. प्रत्येक वळणावर ब्रेक, मग पुन्हा वेग. २००० मध्ये त्या थांबल्या आणि मार्ग वर्षानुवर्षे रिकामा राहिला. याच पुनर्बांधणीत एक फार चांगली कल्पना होती, तिची चर्चा होत नाही म्हणून सांगतो: शोभेच्या झाडांऐवजी फळझाडं, भाज्या आणि खाण्याजोगी रोपं लावली होती.

‘रेट्रोफ्युचर’, म्हणजे जुन्या काळाने कल्पिलेलं भविष्य, हा शब्द या सगळ्याला सरसकट लावला जातो आणि त्यातून घोटाळा होतो. पॅरिसच्या उद्यानातला १९९२ चा भविष्य-विभाग, डिस्कव्हरीलँड, हाही जुन्या भविष्यावर उभा आहे, पण तिथे एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच विज्ञानकथेची शोधाची भूक केंद्रस्थानी आहे. तो मागे वळून पाहतो ते पुढे जाण्याची हिंमत उसनी घ्यायला. मॅजिक किंगडमचा विभाग आठवणीत रमतो. पितळ आणि रिव्हेट दोन्हीकडे दिसतील, हेतू वेगळे आहेत. आराखडा काढणाऱ्याने ‘रेट्रो’ लिहिताना यातला कोणता, हे पहिल्याच पानावर ठरवावं.

२००० नंतर बहुतेक ठिकाणी भविष्याची जागा चित्रपटांतल्या पात्रांनी घेतली. २०१६ चं शांघायचं टुमॉरोलँड निळ्या प्रकाशात सुंदर दिसतं, पण तिथली सर्वांत गाजलेली राइडही चित्रपटातल्या जगाचीच आहे. हिरव्या भविष्याची उदाहरणं थीम पार्कबाहेर शोधावी लागतात. सिंगापूरच्या गार्डन्स बाय द बेमध्ये २०१२ पासून वेलींनी वेढलेले १८ महावृक्ष, म्हणजे झाडाच्या आकाराचे उंच मनोरे, उभे आहेत आणि त्यांतले काही सूर्यप्रकाशापासून वीजही बनवतात. हौशी आराखड्यांत अलीकडे जी झाडांनी भरलेली शहरं दिसतात, त्यांची नाळ इथे जुळते.

साल लिहायचं ठरवलंच, तर १९६४ च्या न्यूयॉर्क प्रदर्शनासाठी बनलेलं फिरतं नाट्यगृह अभ्यासावं. रंगमंच जागेवर राहतात, प्रेक्षक त्यांच्याभोवती फिरतात, आणि एकाच घराची चार युगं दिसतात. पहिल्या तीन प्रवेशांना काळाची भीती नाही, ते भूतकाळातच आहेत. जुना होतो तो चौथा. हे नाट्यगृह आधी कॅलिफोर्नियाला, मग १९७५ मध्ये फ्लोरिडाला गेलं, आणि तो एक प्रवेश पुन्हा पुन्हा नव्याने बांधला गेला. १९९४ ला त्यात बोलण्यावर चालणारा ओव्हन आणि डोळ्यांना लावायचा आभासी खेळ आला, आणि त्यानंतर नवं लिहिणं कितीतरी वर्षं थांबलं. म्हणून आराखड्यात तो चौथा रंगमंच सुटा ठेवावा, आणि त्याच्या नूतनीकरणाचा खर्च पहिल्या दिवसापासून वेगळा धरावा.