फेब्रुवारी-मार्चची पेरणी: मुंबईच्या गच्ची-गॅलरीत बियांपासून भाज्या आणि फळझाडे

(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

संक्रांत झाली की दुकानात दिवसभर एकच प्रश्न येतो, "आता काय पेरायचं?" आणि आंब्याचा मोसम सुरू झाला की दुसरा येतो, "हापूसच्या कोयीला हापूसच लागेल ना?" दोन्हींची उत्तरे गर्दीच्या वेळी काउंटरवर उभ्या उभ्या नीट देता येत नाहीत. घाईत दिलेल्या अर्ध्या उत्तरावर कुणाचे वर्षभराचे पाणी आणि माया फुकट जाऊ नये, म्हणून हे पत्रक. बियाण्याच्या पाकिटासोबत घरी न्या आणि पेरण्याआधी एकदा वाचा.

आपला वसंत थोडक्यात आटोपतो

"वसंतात टोमॅटो पेरा" हा सल्ला मोबाइलवर सगळीकडे दिसतो. तो थंड प्रदेशांसाठी बरोबर आहे. तिथे कडाक्याची थंडी सरली की बागेचे काम सुरू होते. मुंबईत उलटे आहे. आपल्याकडे फेब्रुवारीच्या अखेरीस पारा चढू लागतो. मार्चमध्ये पूर्वेकडून जमिनीवरचे कोरडे वारे आले आणि समुद्रावरचा वारा दुपारी उशिरा सुटला, तर पारा ३८-४० अंशांपर्यंतही जातो. पुढे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास पाऊस. म्हणजे संक्रांतीपासून होळीपर्यंतचे दिवस खरे पेरणीचे. एवढ्यात रोपाने मूळ धरले तर पुढचे ऊन ते सोसते.

टोमॅटोबद्दल स्पष्टच सांगतो. मार्चमध्ये पेरलेला टोमॅटो उगवेल, हिरवागार वाढेल आणि मे महिन्यात फुलेल. त्या वेळी मुंबईत रात्रीचे तापमान २६-२७ अंशांच्या आसपास असते. टोमॅटोला रात्री साधारण २१ अंशांच्या वर गेल्या की फळ धरणे जड जाते आणि फुले गळून पडतात. खत वाढवून किंवा फवारणी करून यावर उपाय होत नाही. टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, गाजर, मटार, लेट्यूस यांची पाकिटे गणपतीनंतर न्या. कोथिंबीर आणि पालक उन्हाळ्यात उगवतात, पण लवकर फुलावर येतात. हवेच असतील तर अर्ध्या सावलीत थोडे थोडे, दर पंधरा दिवसांनी पेरा.

आता पेरण्याजोग्या भाज्या म्हणजे भेंडी, गवार, चवळी, लाल माठ, मिरची, वांगी आणि सगळे वेल: काकडी, दुधी, दोडका, घोसाळी, कारले. पहिल्यांदाच पेरणार असाल तर भेंडी आणि लाल माठ घ्या. माठ तीन-चार आठवड्यांत खुडायला येतो, आणि पहिल्याच खेपेला ताटात काहीतरी पडले की पुढची हौस टिकते.

पाकीट वाचायला शिका

पाकिटावर चाचणीची तारीख, वैधतेची मुदत आणि उगवणशक्तीची टक्केवारी छापलेली असते. त्या आधी पाहा, चित्र नंतर. किमान उगवणशक्तीचे शासकीय निकष भाजीनुसार वेगळे आहेत: टोमॅटो-वांग्याला ७० टक्के, भेंडीला ६५, मिरचीला आणि वेलभाज्यांना ६०. म्हणजे भेंडीचे दहा दाणे पेरून सहा-सात उगवले तर बियाणे चांगलेच आहे. म्हणून मोजून पेरू नका, दोन दाणे जास्त टाका.

"संकरित" लिहिलेले बी एका हंगामाचे समजा. त्या फळातले बी धरून पुन्हा पेरले तर पुढची रोपे एकसारखी येत नाहीत. घरचे बी राखायचे असेल तर सरळ वाण मागा, म्हणजे संकरित नसलेले, ज्याच्या बियांतून पुन्हा तसेच झाड येते. परभणीच्या कृषी विद्यापीठाची भेंडी "परभणी क्रांती", दापोलीचे कारले "कोकण तारा", दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेची गवार "पुसा नवबहार" ही अशीच सरळ वाणे आहेत. बी गुलाबी किंवा निळसर दिसले तर त्याला बुरशीनाशक लावलेले आहे. हात धुवा, मुलांपासून दूर ठेवा, आणि उरलेले बी चुकूनही खाण्याच्या जिन्नसांत मिसळू देऊ नका.

मुंबईची दमट हवा बियांची वैरीण आहे. उघडलेले पाकीट खिडकीत राहिले तर एका पावसाळ्यात त्यातली उगवणशक्ती बरीच जाते. घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसकट, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. गेल्या वर्षीचे बी घरात असेल तर नवे घेण्याआधी दहा दाणे ओल्या कापडात गुंडाळून, डब्यात झाकून आठवडाभर पाहा. मिरची-वांग्याला आणखी चार-पाच दिवस द्या. पाचहून कमी मोडले तरच नवे पाकीट घ्या.

पेरताना

मोठे बी थेट कुंडीत आणि बारीक बी ट्रेमध्ये, हा साधा नियम. भेंडी, गवार, चवळी आणि वेल यांची मुळे हलवलेली आवडत नाहीत. मिरची-वांगी ट्रेमध्ये पेरून चार-पाच पानांवर आली की हलवावीत. खोली बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट. माठाच्या बियांवर तर नुसती चिमूटभर माती भुरभुरवा.

ट्रेसाठी दोन भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा, विटेच्या आकारात मिळतो) आणि एक भाग गांडूळखत पुरते. कोकोपीटमध्ये क्षार असू शकतात. वीट भिजवून फुगली की दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्या. कुंडीसाठी निव्वळ लाल माती वापरू नका, पाणी घालून घालून ती थापीसारखी बसते. माती, खत आणि कोकोपीट साधारण सारखे घ्या, कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घाला. भेंडीला १२ इंच खोल कुंडी, वेलांना १५ ते १८ इंच.

सगळ्यात जास्त तक्रार येते ती रोपे कोलमडण्याची. रात्री ताठ उभे असलेले रोप सकाळी आडवे पडलेले दिसते. जवळून पाहा: मातीलगत देठ पाणचट, तपकिरी आणि दोऱ्याइतका बारीक झालेला असतो. ही जमिनीतली बुरशी आहे. जास्त पाणी, दाट पेरणी आणि कोंदट हवा मिळाली की ती पसरते. आडवे झालेले रोप परत उभे राहत नाही. ते उपटून टाका, पाणी कमी करा, ट्रे वारा लागेल असा ठेवा. पुढच्या वेळी मिश्रणात ट्रायकोडर्मा पावडर (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. पाणी सकाळीच द्या, झारीने नव्हे तर स्प्रेने, आणि मातीचा वरचा थर सुकलेला दिसल्यावरच.

ट्रे उगवेपर्यंत सावलीत चालतो. कोंब दिसले त्याच दिवशी उजेडात आणा, नाहीतर रोपे लांबुडकी आणि मऊ होतात. कबुतरे पेरलेले दाणे उकरतात आणि कोवळे कोंबही तोडतात. पहिले दोन आठवडे बारीक जाळी ताणून बांधा. एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चारच्या उन्हासाठी ५० टक्क्यांची हिरवी शेडनेट लावा, विशेषतः पश्चिमेच्या गॅलरीत.

एक गोष्ट हात जोडून सांगायची आहे. ग्रीलच्या बाहेर, रस्त्यावर लोंबत्या कुंड्या ठेवू नका. ओल्या मातीची १२ इंची कुंडी चांगली जड असते आणि खाली माणसे चालतात. गच्चीवर मोठे ड्रम ठेवायचे असतील तर सोसायटीची परवानगी घ्या आणि ड्रम कॉलम-बीमच्या वर, विटांवर उचलून ठेवा, म्हणजे वॉटरप्रूफिंगवर पाणी तुंबणार नाही.

भेंडी आणि वेल

भेंडीचे बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून पेरा. पाच-सहा दिवसांत उगवते, दीड महिन्यात पहिली भेंडी निघते. मग एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. जून भेंडी झाडावर राहिली की झाड नवी फुले धरणे कमी करते. पानांच्या शिरा पिवळ्या जाळीसारख्या दिसू लागल्या तर तो हळद्या. तो विषाणू पांढरी माशी पसरवते. असे झाड काढून टाका आणि बाकीच्या झाडांच्या पानांखाली निंबोळी तेल फवारा.

वेलांबद्दल ग्राहक म्हणतात, फुले ढीगभर येतात, फळ एकही नाही. पहिले दोन-तीन आठवडे बहुतेक फुले नर असतात, आणि उष्णता वाढली की नरांचे प्रमाण आणखी वाढते. मादी फूल ओळखायला सोपे आहे, त्याच्या मागे बोटाच्या पेराएवढी इवली काकडी किंवा दुधी असते. ती पिवळी पडून गळली तर परागीकरण झालेले नाही. वरच्या मजल्यांवर मधमाश्या कमीच येतात, मग ते काम आपल्याला करावे लागते. नर फूल तोडा, पाकळ्या मागे सारा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा.

वेळ मात्र पाळा. काकडी आणि कारल्याची फुले सकाळी उमलतात, घोसाळ्याची पहाटे. दुधी आणि दोडक्याची संध्याकाळी. दुधीचे पांढरे फूल दिवे लागायच्या सुमाराला उघडते, म्हणजे ऑफिसातून आल्यावरही हे काम जमते. सकाळी त्याच फुलाला हात लावून उपयोग नाही, ते मिटलेले असते.

फळझाडे: कशाचे बी पेरावे, कशाचे कलम घ्यावे

आंब्यापासून सुरुवात करतो. हापूसच्या कोयीत एकच गर्भ असतो आणि तो परागीकरणातून तयार झालेला असतो. म्हणून कोयीतून येणारे झाड हापूस नसते, ते नवेच झाड असते. फळ कसे लागेल ते आठ-दहा वर्षांनी कळते. कोकणातले रायवळ आंबे असेच कोयीपासून आलेले आहेत, आणि त्यांत एकेक झाड अमृतासारखे निघालेले आहे. जागा गावाकडे असेल, घाई नसेल, तर कोय जरूर लावा. मुंबईतल्या ड्रमसाठी मात्र कलमच घ्या, आणि आमचे मत विचाराल तर हापूसपेक्षा आम्रपालीचे. ती ठेंगणी राहते आणि दरवर्षी धरते. वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रातली रत्ना आणि सिंधू हीदेखील चांगली.

मुलांना उगवताना दाखवायची असेल तर कोय लावण्यासारखी मजा नाही. गर खाऊन झाला की कोय धुऊन एक-दोन दिवस सावलीत ठेवा, कडेने टरफल उघडा आणि आतले बी काढा. त्यात भोक किंवा काळा भुंगा दिसला तर टाका. चांगले बी लगेच आडवे पेरा, फ्रिजमध्ये किंवा उन्हात ठेवू नका. आंबा, फणस आणि जांभूळ यांचे बी सुकले की मरते. दोन-तीन आठवड्यांनी तांब्याच्या रंगाची लोंबती पाने येतात. त्याच कोवळ्या रोपावर पावसाळ्यात हापूसची काडी बांधतात, ते कोयकलम. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने ही पद्धत बागायतदारांपर्यंत पोचवली.

बियांपासून लावण्यासाठी आमची पहिली पसंती कागदी लिंबू. त्याच्या एका बीमधून दोन-तीन कोंब येतात आणि त्यातले बहुतेक आईच्या पेशींपासून झालेले, म्हणून आईसारखेच असतात. पिकल्या पिवळ्या लिंबाचे बी काढा, चिकटा धुवा, त्याच दिवशी अर्धा इंच खोल पेरा. सारख्या वाढीची जोमदार रोपे ठेवा, खुरटे किंवा वेगळ्या पानांचे काढा. फळाला चार-पाच वर्षे लागतात. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी येते, ती मोठी झाली की हिरवी होते आणि कोवळी फांदी दोन दिवसांत संपवते. ती फुलपाखराची अळी आहे, कढीपत्त्यावरही येते. विष फवारण्याऐवजी हाताने वेचा.

पपईला सगळ्यात कमी वेळ लागतो, नऊ-दहा महिन्यांत फळ. बियांवरचे पारदर्शक बुळबुळीत आवरण उगवण रोखते. राख चोळून ते धुऊन काढा आणि बी सावलीत सुकवा. देशी पपईत नर आणि मादी झाडे वेगळी असतात, रोपावरून ती कळत नाहीत. म्हणून जवळजवळ तीन रोपे लावा आणि फुले येईपर्यंत थांबा. लांब लोंबत्या दांड्यावर बारीक फुलांचे झुपके आले तर नर, खोडालगत एकेक जाड फूल आले तर मादी. एकच कुंडी असेल तर द्विलिंगी फुलांच्या, म्हणजे एकाच फुलात नर-मादी दोन्ही असलेल्या, वाणाचे बी घ्या. मुळाशी दोन दिवस पाणी साचले तर पपई जाते, म्हणून जूनच्या आधी कुंडीची भोके सळई घालून मोकळी करा.

सीताफळही बियांपासून बऱ्यापैकी आईसारखे येते आणि तीन-चार वर्षांत धरते. बी कडक असते, दोन दिवस भिजवा आणि महिनाभर वाट पाहा. त्याच्या बियांची पूड डोळ्यांना घातक आहे, ते कुटू नका. शेवगा मोठ्या ड्रममध्ये सहा-आठ महिन्यांत शेंगा देतो. पेरूच्या बीतून झाड येते, पण गोडीची खात्री नाही. चिकूचे कलमच घ्या. कोकमाच्या बियांपासून येणाऱ्या झाडांत साधारण निम्मी नर निघतात, तेव्हा तेही कलमच.

दुकानात येताना

तीन गोष्टी पाहून या: गॅलरी कोणत्या दिशेला आहे, थेट ऊन किती तास येते, आणि कुंडी किती खोल आहे. मोबाइलवर सकाळी, दुपारी आणि चारच्या सुमारास काढलेले तीन फोटो असतील तर उत्तमच. चार तासांहून कमी ऊन असेल तर आम्ही फळभाजीचे पाकीट देणार नाही, माठ किंवा पुदिना सुचवू. मुदतीतले बी वर सांगितल्याप्रमाणे कापडात तपासूनही निम्म्याहून कमी मोडले, तर ते कापड आणि पाकीट घेऊन या, बदलून देऊ. रोपाला रोग वाटला तर पान बंद पिशवीत आणा, आमच्या रोपांना लागण व्हायला नको.