पाठीवरून फिरणारा हलका हात

इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या माझ्या मावशीची मान वर्षभर आखडलेली. कुणीतरी हलक्या स्पर्शाचे उपचार सुचवले, म्हणून मी तिला घेऊन गेले. तासाभराने ती बाहेर आली ती चक्रावूनच. "अगं, दाबलंच नाही तिने! डोक्याखाली हात ठेवून नुसती बसली होती. पण मला झोप लागली बघ."

मालिश म्हणजे तेल, रगडणं आणि कळ, असंच आपल्या मनात बसलेलं असतं. इथे अंगावरच्या सैल कपड्यांतच झोपायचं, तेल बहुधा नसतंच. क्रेनियोसॅक्रल, म्हणजे कवटीवर आणि कण्याच्या टोकाशी नुसते हात ठेवण्याच्या प्रकारात दाब सांगतात तो पाचेक ग्रॅमचा, जवळपास दोन रुपयांचं नाणं कातडीवर ठेवावं एवढा. मध्येच पोटात गुडगुडतं, हातपाय जड वाटतात, कुणाच्या डोळ्यांत पाणी येतं. लाजू नका. शरीर विसावलं की पचनाचं मंदावलेलं काम पुन्हा वेग घेतं.

एवढ्याशा स्पर्शाने हे कसं होतं? हातावरच्या, पाठीवरच्या केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे बारीक मज्जातंतू असतात. कापड खरखरीत आहे, हातातली वस्तू निसटतेय, ही बातमी जाड तंतू सेकंदाला पन्नासेक मीटर वेगाने मेंदूला देतात. सी-टॅक्टाइलचा वेग सेकंदाला जेमतेम एक मीटर. पोटरीवरून फिरलेल्या हाताची त्यांची वर्दी मेंदूत पोचायला सेकंदाहून जास्त वेळ लागतो. मांजरात असे तंतू १९३९ मध्ये झॉटरमन या शास्त्रज्ञाने नोंदवले होते, माणसातल्या तंतूंचा अभ्यास पुढे स्वीडनमध्ये झाला. त्वचेइतकाच उबदार हात सेकंदाला तीनेक सेंटिमीटर वेगाने फिरला, की हे तंतू सर्वांत जोरात प्रतिसाद देतात. करून बघा: कोपरापासून मनगटापर्यंत बोटं न्यायला आठ सेकंद घ्या. घाईने फिरवलेल्या हाताहून ते किती वेगळं वाटतं! बाळाला कुरवाळताना आईबापांचा हात कुणी न शिकवता याच वेगाने फिरतो, असं प्रयोगांत दिसलंय.

पण कवटीची हाडं एका लयीत हलतात आणि ती लय बोटांना कळते, हा क्रेनियोसॅक्रल उपचारकांचा दावा मला पटत नाही. मोठ्या माणसाच्या कवटीची हाडं एकमेकांत घट्ट अडकलेली असतात. एकाच माणसाची ही लय दोघा उपचारकांनी मोजली, तर त्यांचे आकडे जुळत नाहीत. विसावा मिळतो तो खरा. दबलेली नस त्याने सुटत नाही. हाताला मुंग्या येत असतील, वस्तू हातून सुटत असतील, ताप असेल किंवा एकच पाय सुजला असेल, तर आधी डॉक्टर. तिथे दिरंगाई नको.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर काहींचा हात सुजतो, तेव्हाही हलकाच हात लागतो, पण कारण वेगळं. साठलेला द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या, म्हणजे लसिकावाहिन्या, त्वचेच्या अगदी खाली असतात. जोर लावला तर त्या चेपतात. हे काम शिकलेल्या फिजिओथेरपिस्टकडेच द्यावं, सोबत दाबपट्टीही लागते.

मावशीला डॉक्टरांनी तपासलं, मानेचे व्यायाम दिले. ते ती रोज करते. रात्री मात्र नातीला पलंगावर बोलावते.

"आजी, एवढं हळू?"

"हळूच. मनगटापर्यंत ये, मग पुन्हा वरून."