हुंगायचं की ओढायचं? श्वासावाटे फिट आणि अर्धशिशी थांबवणाऱ्या औषधांची पार्श्वभूमी

कोल्हापुरात मेडिकलमध्ये 'फिटचा स्प्रे' म्हणून चिठ्ठीवर मिळतो तो मिडाझोलामचा. काही घरांत त्याला इनहेलर म्हणतात, पण तो इनहेलर नव्हे. तो नाकात मारायचा. औषध नाकाच्या अस्तरातून रक्तात जातं, त्यासाठी रुग्णाने श्वास ओढायची गरज नाही. या टिपणाचा विषय असलेली औषधं मात्र दम्याच्या पंपासारखी फुफ्फुसात उतरावी लागतात. फिट आलेल्याच्या नाकाला पायताण लावायची आपल्याकडची रीत या दोन्हींत बसत नाही. फिट बहुतेकदा आपोआप थांबते आणि श्रेय पायताणाला जातं.

फुफ्फुसाचा मार्ग धरण्याचं कारण घाई. अर्धशिशीत पोट मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. फिट चालू असताना तर गोळी देताच येत नाही. फुफ्फुसातून औषध मेंदूपर्यंत जवळजवळ शिरेतल्या इंजेक्शनच्या वेगाने पोचतं.

अर्धशिशीवरचं डायहायड्रोअर्गोटामाइन हे 1940च्या दशकातलं औषध, आधी इंजेक्शनमध्ये आणि 1997 पासून अमेरिकेत नाकाच्या स्प्रेमध्ये. ते पंपात भरायचा प्रयत्न झाला तिथे खरी गोष्ट अडली. सुमारे 800 रुग्णांच्या चाचणीत दोन तासांत आराम पडलेले औषधाच्या गटात 59 टक्के होते, औषध नसलेल्या पंपाच्या गटात 35 टक्के. तरीही अमेरिकी नियामकाने मार्च 2012, एप्रिल 2013 आणि जून 2014 असा तीनदा अर्ज परत पाठवला. पहिल्या नकारातही औषधाच्या सुरक्षिततेवर आक्षेप नव्हता. बोट होतं उत्पादनावर आणि बाहेरच्या कारखान्याच्या तपासणीवर. शेवटच्या वेळी मुद्दा उरला तो पंपातली औषधाची डबी भरताना प्रत्येक झोतात औषध सारखं येतं का आणि पंप दर वेळी सारखाच चालतो का, एवढाच. मधल्या काळात एका बड्या कंपनीने मूळ कंपनी सुमारे 96 कोटी डॉलरला घेतली होती, तरी डबी काही पास झाली नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या किंवा शिरोलीतल्या कारखान्यांत ज्याने चांगलं कास्टिंग मापात बसलं नाही म्हणून रिजेक्ट होताना पाहिलंय, त्याला हे वेगळं सांगायला नको. नियामक चुकला असं म्हणवत नाही, कारण हे औषध रक्तवाहिन्या आकसवतं आणि मात्रेतला फरक तिथे महागात पडतो. पण अर्धशिशीच्या रुग्णांच्या बाजूने पाहिलं तर दोन वर्षांहून जास्त काळ यापायी गेला, हेही खरं. 2021 मध्ये तेच औषध नाकात खोलवर मारायच्या नव्या स्प्रेतून मंजूर झालं.

फिटसाठीची वाट वेगळी निघाली. स्टीलच्या पातळ पत्र्यावर औषधाचा थर द्यायचा, रुग्णाने श्वास ओढला की पत्रा सेकंदाच्या आत तापतो, औषधाची वाफ होते आणि तिचे एक ते साडेतीन मायक्रॉनचे कण बनतात. याच यंत्रातून मानसिक रुग्णांच्या उद्रेकावरचं लोक्सापिन डिसेंबर 2012 मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण श्वासनलिका आवळण्याच्या धोक्यामुळे दमेकऱ्यांना ते वर्ज्य ठरलं. अर्धशिशीसाठी यातून प्रोक्लोरपेराझिन देऊन पाहिलं होतं, ते चाचण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापुढे गेलं नाही.

आता त्यात अल्प्राझोलाम आहे, म्हणजे अतिचिंतेवर गोळी म्हणून सर्रास दिलं जाणारं. दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीत दोन मिनिटांत फिट थांबली ती औषधाच्या गटात सुमारे 66 टक्के रुग्णांची, आणि औषध नसलेल्या गटातही सुमारे 43 टक्के. पायताणाचं श्रेय येतं ते या 43 मधून.

पुढची मोठी चाचणी 12 वर्षं आणि वरच्या वयासाठी आखली गेली, त्यामुळे लहान पोरं त्याबाहेर राहिली. पूर्वी 30 मिनिटं चाललेल्या फिटला धोकादायक धरत; आता मोठ्या झटक्यात पाच मिनिटं झाली की लगेच उपचार सुरू करतात. गगनबावड्याहून कोल्हापूर 55 किलोमीटर आहे, म्हणजे पाच मिनिटांत तिथला दवाखाना गाठता येत नाही. बेशुद्ध माणूस श्वास ओढून यंत्र चालू करू शकत नाही, म्हणून तिकडच्या घरात फ्रिजवर ठेवलेली असते ती अजून नाकातल्या स्प्रेचीच बाटली.