ग्राफीनला विषाणूची चाहूल कशी लागते?

जून २०२१ मध्ये, करोनाची लस घेतल्यावर नाशिकच्या एका गृहस्थांच्या अंगाला चमचे-वाट्या चिकटू लागल्याची बातमी गाजली. घामट कातडीला चमचा चिकटतोच. पावडर लावा, गळून पडेल. पण व्हॉट्सअ‍ॅपवर कारण तयार होतं: अंगाचं चुंबक झालंय, कारण लशीत ग्राफीन आहे! ते नव्हतंच. आणि असतं तरी काय? ग्राफीन हा ज्याचा एकेक पापुद्रा, ते ग्रॅफाइट चुंबकाकडे ओढलं जात नाही, उलट किंचित दूर ढकललं जातं.

त्याच साथीत ग्राफीनने खरोखर देखणं काम केलं होतं. ते मात्र कोणी फॉरवर्ड केलं नाही.

पेन्सिलीतलं ‘शिसं’ म्हणजे ग्रॅफाइट. २००४ मध्ये मँचेस्टरला गाइम आणि नोव्होसेलोव्ह यांनी चक्क चिकटपट्टीने त्याचा एका अणूएवढ्या जाडीचा थर सोलून काढला. २०१० मध्ये नोबेल मिळालं. हा थर म्हणजे नुसता पृष्ठभाग, ‘आत’ असं काही नाहीच. त्यातून वाहणाऱ्या विजेला वर बसलेल्या कुठल्याही विद्युतभाराची लगेच चाहूल लागते.

२०२० मध्ये दक्षिण कोरियातल्या संशोधकांनी याच थरावर करोना विषाणूवरचा काटा पकडणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) बसवली. कशी? चार कड्यांचा पायरीन नावाचा चपटा रेणू ग्राफीनवर पोळीसारखा पसरतो आणि दुसऱ्या टोकाला प्रतिपिंड धरतो. ग्राफीनची जाळी कुठेच उसवत नाही. विषाणू अडकला की प्रवाह बदलतो. पीसीआरसारख्या विषाणूच्या जनुकांच्या लाखो प्रती काढायला नकोत. रुग्णांच्या नमुन्यांत दर मिलिलीटरला विषाणूच्या सुमारे २४२ प्रतींपर्यंत छडा लागला.

मेख आहे ती मिठात. शरीरातल्या द्रवांत क्षारांचे आयन, म्हणजे विद्युतभारित कण असतात. नवरदेवाभोवती वऱ्हाडी जमावेत तसे ते प्रत्येक भाराभोवती गोळा होतात आणि लांबून नवरदेव दिसेनासा होतो. रक्ताइतक्या खारट द्रवात भाराचा प्रभाव जेमतेम ०.७ नॅनोमीटरवर विरतो. प्रतिपिंडाची उंची मात्र १० नॅनोमीटरच्या आसपास! द्रव शंभरपट पातळ केला तर हे अंतर दहापट वाढतं, कारण ते क्षारांच्या प्रमाणाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतं. पण मग नमुनाही पातळ होतो.

अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने वेगळीच शक्कल लढवली: ग्राफीन चुरगळून टाकलं. सुरकुत्यांच्या खळग्यांत आयनांना गर्दी करायला जागा कमी पडते. त्यांनी त्यावर विषाणू नव्हे, डीएनए-आरएनएचे तुकडे ओळखून दाखवले.